छातीशी धरलेला कागद

रायफलला हात लावायच्या आधी रोकडे सर मुंग्या झाडायचे. त्यांच्याकडे एक मऊ केरसुणी होती, खास तेवढ्याच कामाची. आम्ही पोरी भिंतीला टेकून उभ्या, आणि हा पन्नाशीतला माणूस, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून, उकिडवा बसून फरशीवरची मुंग्यांची रांग हळूहळू दाराकडे वळवतोय. "चला बाई, व्हा बाहेर. इथं पोट्ट्या उभ्या राह्यतीन आता." मुंग्या गेल्या की उठायचे, गुडघे झटकायचे आणि त्याच मवाळ आवाजात म्हणायचे, "हं, भरा छर्रे."

सर जैन होते. वाशीमच्या बाजारात घरचं कापडाचं दुकान, तिथं त्यांचे भाऊ बसायचे. सर आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक. विद्यापीठाच्या रायफल क्लबची आमच्याकडची शाखा त्यांनी निव्वळ हट्टानं उभी केली होती, तीही जुन्या सायकल स्टँडच्या शेडमध्ये, तीन बाजूंनी पत्रे ठोकून. निशाण्याच्या मागे एअर रायफलचे छर्रे अडवायला जाड गोधडी टांगलेली असायची. ती त्यांच्या भावाच्या दुकानातल्या कापडाच्या तुकड्यांची, सरांच्या बायकोनं शिवलेली. सूर्य मावळायच्या आत सरांचं जेवण व्हायचं, त्यामुळं आमचा सरावही तोवर संपायचा. बाजारातले लोक चिडवायचे, की काय हो रोकडे, मुंगी मारत नाही आणि पोरींना बंदूक शिकवता? सर रागवायचे नाहीत. "कागदाले जीव नसते ना भाऊ, म्हून कागदावर मारतो. आन थे बंदूक नोहे, रायफल म्हना."

मी अनसिंगची. आमचं गावात बांगड्यांचं दुकान आहे, टिकल्या, पिना, रिबिनी, सगळं मिळतं. बी.ए.ला वाशीमला रोज एसटीनं जाऊन-येऊन असायची. क्लबात गेले ती काही आवड वगैरे म्हणून नाही. बस उशिरा होती आणि कोमल नावाची माझी मैत्रीण म्हणाली, चल, शेडमध्ये सावली तरी आहे. सावलीसाठी गेले आणि अडकले.

पहिले कित्येक दिवस सरांनी एक छर्रा दिला नाही. नुसतं उभं राहायचं. डावं कंबरेचं हाड पुढं काढायचं, त्यावर कोपर टेकवायचं, कोपरावर हात, हातावर रायफल. "ताकदीनं धरू नोको. हाडावर ठेव. मांस थकते, हाड थकत नाई." गाल दर वेळी लाकडावर त्याच जागी टेकला पाहिजे, एक गव्हाचा दाणा इकडंतिकडं चालायचा नाही. डावा डोळा मिटायचा नाही, मिटला की उजव्यावर ताण येतो, म्हणून डाव्या डोळ्यापुढं पुठ्ठ्याची पट्टी लावायची. तो पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा असायचा. मी तीन वर्षं कुणाच्या तरी शुभविवाहाच्या आडून नेम धरला. जाड कॅनव्हासचं जॅकेट एकच होतं, ते कुणालाच नीट बसायचं नाही, आणि मे महिन्यात ते घालून उभं राहणं काय असतं ते वाशीमच्या माणसाला सांगायला नको. "श्वास घे. अर्धा सोड. राह्यलेल्या अर्ध्यात काम कर. घोडा दाबू नोको, नुसतं बोट जड होऊ दे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आजही सुईत दोरा ओवताना माझा श्वास अर्ध्यावर थांबतो.

आणि मग त्यांचा तो नियम. सरांच्या क्लबात कुणी आपला कागद पाहायचा नाही. आम्ही छर्रे मारायचो, सर म्हणायचे "रायफली खाली", सगळ्या रायफली खाली गेल्या की स्वतः दहा मीटर चालत जायचे, कागद काढायचे आणि छापलेली बाजू छातीशी दाबून परत यायचे. दाराशी उजेडात उभे राहून एकटेच पाहायचे. मग सांगायचे, तेही आकडा नाही. "उजवीकडं जाऊन राह्यली तू." "चवथ्याले घाई झाली." "आज घरी भांडून आली काय?" आणि खरंच भांडून आलेली असायची मी. विचारलं तर म्हणायचे, "निशाणा तुहा, कागद माहा. ज्यानं कागद पाह्यला, थो पुढचा छर्रा कागदावर नाई मारत, मागच्या छर्ऱ्यावर मारते."

मला हे फार पटलं होतं. इतकं पटलं, की एकदा वाऱ्यानं कागद त्यांच्या हातातून उडून माझ्या पायाशी पडला, छापलेली बाजू वर, तर मी मान फिरवली. हातानं चाचपडत उचलला आणि उलटा धरून त्यांना दिला. सर माझ्याकडं पाहून हसले. त्या हसण्याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

वर्षातून एकदा अमरावतीला विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असायची. तिथं जे चमकतील त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जायचा. कॉलेजकडून दोन मुलींची नावं जायची आणि ती कोणाची, हे सर ठरवायचे. माझ्यासाठी ते नाव म्हणजे सगळं होतं, कारण बाबांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. दुकानात बांगड्यांचे डबे लावता लावता म्हणाले, "शीतल, विद्यापीठाच्या टीमीत नाव लागलं तं तुले अमरावतीले ठेवतो. होस्टेल, एम.ए., काय थे कर. नाई लागलं तं दुकान हायच आपलं." बाबा वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या हिशेबानं त्यांनी मला मोठी मोकळीक दिली होती.

पहिल्या वर्षी कोमल गेली. मी सरांना विचारलं. "तू कच्ची हाय अजून. कोमलचा हात बसला." दुसऱ्या वर्षीही कोमलच गेली आणि तिच्यासोबत एक नवीन मुलगी. "थोडी कच्ची राह्यली तू. घाई कायले करते?" कोमल दोन्ही वेळा भाग घेतल्याचं प्रमाणपत्र घेऊन परत आली, हसतखेळत, तिला काही पडलेलं नव्हतं. मी मात्र घरी जाऊन काठीला पाण्याची बाटली बांधून ती हातावर तोलत उभी राहायची. आई म्हणायची, ह्या पोरीले कायचं येड लागलं. मला वाटायचं, सर म्हणतात तर कुठंतरी कमी पडत असेन. त्यांच्याखेरीज माझा निशाणा पाहणारं दुसरं होतंच कोण.

तिसऱ्या वर्षापर्यंत क्लबातल्या नव्या मुलींना मीच शिकवत होते. सर दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि मी पोरींची कोपरं हाडावर ठेवत फिरायची. "शीतलले विचारा," हे त्यांचं उत्तर झालं होतं. मला त्याचाही अभिमान. मी कच्ची, पण पोरी माझ्या हाताखाली पक्क्या होत होत्या, यातली गंमत माझ्या डोक्यात शिरलीच नाही. त्या वर्षीही नावं गेली, कोमलचं आणि आणखी एकीचं. सर म्हणाले, "तू संगं चाल. पोट्ट्यायले धीर येईल. जॅकेट सांभाळायले कोनी पायजे." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि जॅकेट सांभाळायला निघाले.

अमरावतीच्या रेंजवर कागद नव्हते. तिथं इलेक्ट्रॉनिक निशाणे होते. छर्रा मारला, की उभं राहिलेल्या जागीच, बाजूच्या लहान पडद्यावर ठिपका आणि आकडा दिसायचा. आमच्या मुली बिचकल्या, कोमल तर दर छर्ऱ्यानंतर जीभ चावत होती. स्पर्धा आटोपली, निकाल लागला. सर चहा घेत नाहीत, ते बाहेर बाकावर पाणी पीत बसले होते. मी सामान आवरत होते. तिथल्या एक मॅडम पंच होत्या, जरा कडक चेहऱ्याच्या. त्या म्हणाल्या, "तू नुसती ओझी वाहायला आलीस का? रेंज अर्धा तास मोकळी आहे, घे, मार दहा."

मी जॅकेट घातलं. हाड, कोपर, हात. श्वास अर्धा. पहिला छर्रा सुटला आणि पडद्यावर दहा आले, वर दशांशात काहीतरी. मला वाटलं यंत्र बिघडलंय. दुसरा, पुन्हा दहा. मग एक नऊ, काठावरचा. मग दहा, दहा. मी तीन वर्षं ज्या गोष्टीकडं पाठ करून उभी होते ती माझ्या शेजारी उजेडात लिहून येत होती, आणि कागद पाहिला की बिघडतं म्हणे, माझं काहीच बिघडत नव्हतं. मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. दहावा सुटल्यावर त्यांनी बेरीज पाहिली. आज पहिल्या आलेल्या मुलीची दहा छर्ऱ्यांची एकही फेरी एवढी झाली नव्हती, हे त्यांनी मला सांगितलं नाही, शेजारच्या पंचांना सांगितलं. मी ऐकलं.

तेवढ्यात सर आत आले. मॅडमनी विचारलं, "सर, ही तुमची ना? हिचं नाव का नाही पाठवलं?"

सरांनी पडदा पाहिला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "नवीन हाय पोरगी. शिकून राह्यली."

नवीन. तीन वर्षांनंतर नवीन. मॅडम म्हणाल्या, "बरं, पुढच्या वर्षी नक्की आणा." सर म्हणाले, "हो हो." मी शेवटच्या वर्षाला आहे हे त्या माणसाला माहीत होतं, बाबांची अट माहीत होती. मीच सांगितली होती, त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून.

परतीच्या बसमध्ये पोरी मागं झोपल्या. सर खिडकीशी बसले होते, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कारंजा मागं गेलं होतं, ऊन उतरायला आलं होतं आणि त्यांनी डबा उघडला होता, पोळी आणि मुगाची भाजी. दिवस बुडायच्या आत जेवण व्हायला हवं होतं ना. मी विचारलं, "सर, माहे किती यायचे?"

"चांगले यायचे."

"चांगले म्हंजे किती?"

त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला. "आज आले तसेच. कधी जरा जास्त."

"कधीपासून?"

"पयल्याच वर्षापासून."

मला ओरडायचं होतं, पण बसमध्ये माणसं होती आणि शिक्षकाशी मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. मी एवढंच म्हटलं, "मंग मले कायले नाई पाठवलं?"

सरांनी तोंड बाहेरच्या सोयाबीनकडं वळवलं. मग सांगू लागले. माझ्या आधी त्यांच्या दोन मुली अमरावतीला गेल्या होत्या. दोघींवर त्यांनी जीव टाकला होता, दोघी संघात निवडल्या गेल्या. एक पुन्हा वाशीमला फिरकलीच नाही. दुसरीची पेपरात मुलाखत आली, तिच्यात तिथल्या प्रशिक्षकांचं नाव होतं, सरांचं नाही, क्लबाचंही नाही. "इथं कोनीच राह्यत नाई शीतल. तू गेली असती तं नव्या पोट्ट्यायले कोनं शिकवलं असतं? क्लब बसला असता माहा." मग म्हणाले, "आन तू परत आली असती काय?"

तेव्हा मला कळलं, की कोमल दर वर्षी का जायची. जी परत येईल तिलाच ते पाठवत होते. माझ्या आधीच्या दोघी सोडून गेल्या, त्याची शिक्षा मी भोगत होते, आणि वरून मला कच्ची म्हणून माझ्याकडूनच पोरी पक्क्या करून घेत होते. मला दुःख वगैरे नंतर झालं. आधी झाली ती नुसती लाज. ह्या माणसाच्या एका शब्दावर मी तीन वर्षं स्वतःला कमी समजत आले होते.  मी उठून मागच्या सीटवर गेले आणि मंगरूळपीर येईपर्यंत कोमलच्या खांद्यावर तोंड दाबून बसले. तिला वाटलं मला बस लागली.

घरी सांगितलं तर बाबांना पटेना. "सर कायले खोटं बोलतीन? मुंगी मारत नाई तो माणूस." झालं, विषय संपला. बी.ए. झाली, मी दुकानात बसले. क्लबाकडं पाऊल टाकलं नाही. आणि गंमत पाहा, मी गेल्यावर सर माझं कौतुक करू लागले. कॉलेजच्या पोरी बांगड्या घ्यायला यायच्या आणि माझ्याकडं टकामका पाहत राहायच्या. "ताई, तुम्हीच का शीतलताई? सर म्हंतात, तुमच्यासारखा हात त्याईनं पाह्यला नाई." आता काय, आता बोलायला त्यांचं काही जात नव्हतं. मी पोरींच्या हातात बांगड्या भरायची आणि त्यांना लवकर वाटेला लावायची. लोक म्हणतात, त्यांनीच तर तुला शिकवलं. शिकवलं, नाही कोण म्हणतं? माझा हात त्यांनीच घडवला, आणि त्यांनीच झाकून ठेवला. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं फिटत नाही.

त्याच वर्षीच्या भाद्रपदात सर अनसिंगला आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं, की ते लोक घरोघरी जातात, हात जोडतात आणि वर्षभरात जाणता-अजाणता जे दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. "उत्तम क्षमा" म्हणायचं, समोरच्यानंही "उत्तम क्षमा" म्हणायचं, तोंड गोड करायचं, झालं. सर हात जोडून म्हणाले, "शीतल, जाणता-अजाणता काई दुखावलं असंन तं उत्तम क्षमा."

आणि मला धस्सकन आठवलं. दर वर्षी त्या दिवशी शेडमध्येही ते असेच आमच्यापुढं हात जोडून उभे राहायचे. आम्ही पोरी खुदखुदत एका सुरात "उत्तम क्षमा सर" म्हणायचो आणि त्यांनी आणलेले पेढे खायचो. म्हणजे माझं नाव दडपत असताना दर वर्षी ते माझ्याकडून माफीही घेत होते, आणि मी ती हसत हसत देत होते. कशाबद्दल, ते मला सांगायची त्यांना गरज पडली नव्हती. बसमधल्या गोष्टीपेक्षा हे मला जास्त लागलं.

मी विचारलं, "कशाबद्दल, सर?"

"सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल नाई. एक गोष्ट हाय. थे नाव घेऊन सांगा, मंग मी म्हंते."

त्यांचे हात जोडलेलेच राहिले. बायका बांगड्या पाहत होत्या. सर पायरी उतरून गेले. आई रात्री मला खूप बोलली, की दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला असं करतात का. मी म्हटलं, त्यांनी नुसतं सांगावं, मी पाया पडते.

पुढच्या वर्षी ते आले. त्याच्या पुढच्याही वर्षी आले. दर वेळी मी तेच विचारायची, ते "सगळ्याबद्दल" म्हणायचे आणि परत फिरायचे. दरम्यान ते निवृत्त झाले, शेडमध्ये पुन्हा सायकली लागल्या. गेल्या हिवाळ्यात सर गेले. कॉलेजनं शोकसभा ठेवली आणि मला निरोप धाडला, की त्यांची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला. मी गेले नाही. तिथं बोलण्यासारखे दोन शब्द माझ्याकडं नव्हते, आणि जे होते ते शोकसभेत चालले नसते.

जायच्या आधी, गेल्या भाद्रपदात, ते शेवटचे आले होते. मुलानं स्कूटरवर बसवून आणलं होतं. सदरा अंगावर लोंबत होता. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर त्यांना बसवावं लागलं. नवरात्र जवळ आलं होतं, दुकान बायकांनी भरलेलं, एका बाईचा हात माझ्या हातात होता आणि अर्ध्या बांगड्या भरून झाल्या होत्या. सरांनी हात जोडले. मी नेहमीसारखं विचारायच्या आधीच ते बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शीतल, तू पयल्याच वर्षी तयार होती. मी तुले जाणून पाठवलं नाई. कच्ची हाय म्हून खोटं सांगितलं. मॅडमले नवीन म्हनलं. अजाणता काईच नोहतं त्याच्यात, सगळं जाणता होतं. उत्तम क्षमा."

 इतकी वर्षं मी ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं की काय म्हणायचं हेही ठरलेलं होतं, दोनच तर शब्द. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं, तेही लहान पोरीसारख्या फाटक्या आवाजात.

"मंग पाठवाचं होतं ना, सर."

"हो," सर म्हणाले. "पाठवाचं होतं."

ते हात जोडून माझ्याकडं पाहत राहिले. आता मी म्हणायचं होतं. दुकानातल्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, सरांचा मुलगाही पाहत होता. मी त्या बाईचा हात पुन्हा धरला आणि पुढची बांगडी चढवली.